दोन अँटिव्हायरस एकत्र आणि काढताना मी केलेली चूक

आपण लिहिले आहे की दिग्रसजवळच्या गावी वडिलांच्या संगणकावर दुकानदाराने एक विकतचा अँटिव्हायरस घालून दिला, पुढे धाकट्या भावाने एक फुकटचा उतरवला, विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळात होताच, आणि आता बटण दाबल्यापासून काम सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. इथवर सगळे ओळखीचेच होते. पण ‘एक निघतच नाही, तेव्हा त्याचे फोल्डरच डिलीट करून टाकावे म्हणतो’ हे आपले शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. कृपया तसे करू नका. 2019 च्या पावसाळ्यात मी नेमके तेच केले होते. मी संगणकाचा अभियंता नाही, वरूड तालुक्यातला संत्रा बागायतदार आहे आणि गावात कोणाचा संगणक अडला की मला बोलावणे येते, एवढाच माझा अधिकार समजून पुढचे वाचावे.

आधी एक दुरुस्ती. आपल्याकडे तीन अँटिव्हायरस भांडत नसून बहुधा दोनच भांडत आहेत. विंडोज 10 आणि 11 मध्ये बाहेरचा अँटिव्हायरस बसून त्याची नोंद झाली की डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि तो निघाला की परत कामाला लागतो. बाहेरचे दोन मात्र एकमेकांसाठी अशी वाट सोडत नाहीत. दोघांचेही ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला जोडून चालणारे छोटे प्रोग्रॅम, विंडोजच्या गाभ्यात, फाइल उघडण्याच्या वाटेवरच बसलेले असतात. बाजार समितीत एकाच गाडीवर दोन मापारी नेमले आणि एकाने पोत्याला हात लावला की दुसऱ्याने त्याला थांबवून ‘आधी मला पाहू द्या’ म्हटले, तर दिवसभरात किती माप होईल, याचा विचार करा. पहिला तपासणीसाठी फाइल उघडतो, ते उघडणे दुसऱ्याला नवी हालचाल वाटते आणि तोही तपासायला धावतो. 4 जीबी रॅम आणि साधी फिरती हार्ड डिस्क असेल, तर संगणक तिथेच बसतो. शिवाय एकाने पकडून ठेवलेला व्हायरस किंवा त्याच्या ओळखखुणांची फाइल दुसऱ्याला खराच व्हायरस वाटू शकते, आणि मग रोज ‘धोका सापडला’ अशा सूचना येत राहतात. आपण घाबरून तिसरा उतरवण्याच्या आधी ते मूळ कारण समजून घ्यावे.

माझ्याकडेही दोन होते. एकाची मुदत संपत आली होती, म्हणून दुसरा घेतला आणि पहिला काढायचे राहून गेले. पुढे काढू गेलो, तर तो अर्ध्यावर अडकून चूक झाल्याचा संदेश देऊ लागला. पहिल्या कंपनीच्या मदतक्रमांकावर चाळीस मिनिटे संगीत ऐकल्यानंतर उत्तर मिळाले, ‘सर, दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर काढून टाका.’ दुसऱ्या कंपनीला फोन केला, तर त्यांनीही शब्दशः तेच सांगितले, फक्त काढायचे नाव बदलले. दोघांचेही बोलणे आपापल्या जागी खरे होते. परंतु अर्धवट निघालेले सॉफ्टवेअर पुसण्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळे छोटे साधन मोफत ठेवतात, ही एक गोष्ट दोघांपैकी एकानेही सांगितली नाही. ती मला पुढे सहा महिन्यांनी कळली. नूतनीकरणाच्या आठवणीचे फोन मात्र त्याच आठवड्यात दोनदा आले होते, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

मग मी डोके चालवले, म्हणजे ज्याला मी त्या वेळी डोके समजत होतो ते. चालू विंडोजमध्ये अँटिव्हायरस स्वतःचे फोल्डर पुसू देत नाही, म्हणून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी आवश्यक तेवढ्याच गोष्टी घेऊन सुरू होते त्या अवस्थेत, गेलो आणि ते पुसले. तेवढ्यावर न थांबता सिस्टिमच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरमध्ये त्या कंपनीचे नाव दिसणाऱ्या चार फाइली निवडून त्याही पुसल्या आणि कचरापेटी रिकामी केली. त्या क्षणी फार समाधान वाटले. संगणक पुन्हा चालू केला, तर निळा पडदा, त्यावर रडका चेहरा, थोड्या वेळाने आपोआप रीस्टार्ट आणि पुन्हा तोच निळा पडदा. रात्री साडेअकराला लाइट गेली, इन्व्हर्टरवर मी आणखी तासभर तेच पाहत बसलो. कारण पुढे समजले. फाइल गेली तरी डिस्कच्या वाटेवर तो ड्रायव्हर उभा आहे, ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, तशीच राहिली होती. विंडोज सुरू होताना त्याला हाक मारी, तो सापडत नसे, आणि तो नाही म्हणून डिस्कही हाती लागत नसे.

गाभ्यात बसलेल्या अशा सॉफ्टवेअरची ताकद काय असते, ते 19 जुलै 2024 रोजी सगळ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक अशाच निळ्या पडद्यावर आणून ठेवले. तिथे तर कोणी हाताने काही पुसलेही नव्हते.

तरीही माझे खरे नुकसान निळ्या पडद्याने केले नाही, कारण त्या वेळी डिस्कवरची माहिती जशीच्या तशी होती. मी संगणक एका दुरुस्ती केंद्रात नेऊन दिला, दोन दिवसांनी ‘विंडोज करप्ट होती, नवीन टाकून दिली’ असे ऐकले, आणि पैसे मोजून झाल्यावर त्या मुलाने विचारले, ‘काका, डेटा पाहिजे होता का?’ आंबिया बहाराचे तीन वर्षांचे हिशेब मी व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या आणि बँकेच्या पासबुकावरून पुन्हा उभे केले. परंतु 2016 पासून दर महिन्याच्या एक तारखेला दोरी सोडून मोजलेली आमच्या बोअरच्या पाण्याची पातळी त्याच संगणकावर होती आणि दुसरीकडे कुठेच नव्हती. आमच्या भागात भूजल किती खाली गेले आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या आकड्यांची किंमत सांगावी लागणार नाही.

म्हणून पहिले काम नकलेचे. संगणक कितीही संथ असला तरी चालू आहे, तोवर वडिलांच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर, जो काढायचा आहे त्याच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढण्याचे साधन आधीच उतरवून ठेवा, कारण अर्धवट निघालेला अँटिव्हायरस कधी कधी इंटरनेटही बंद पाडतो. मग नेहमीच्या मार्गाने सेटिंग्जमधून काढून पाहा, आणि अडकले तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करत सेफ मोडमध्ये जाऊन ते साधन चालवा. लॅपटॉप नवा असेल, तर सेफ मोडमध्ये जाताना तो एन्क्रिप्शनची किल्ली, म्हणजे कुलूपबंद केलेली डिस्क उघडणारा लांब आकडा, मागू शकतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आधीच कागदावर लिहून ठेवा. एक निघाल्यावर रीस्टार्ट करा, मगच दुसऱ्याला हात लावा. शेवटी विंडोज सिक्युरिटीत जाऊन एकाच संरक्षकाचे नाव चालू दिसते आहे, याची खात्री करा.

कोणता ठेवावा, याबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही आणि त्यावर मी वाद घालणार नाही. घरच्या संगणकाला डिफेंडर पुरतो. विंडोजचे अपडेट वेळेवर घेतले तर विकतच्या अँटिव्हायरसचे पैसे मी बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये घालीन. कार्यालयाचा किंवा सेवा केंद्राचा संगणक असेल, तर तिथले नियम वेगळे असू शकतात, माझे ऐकू नका. वडिलांचा संगणक अजून विंडोज 10 वर असेल, तर त्याचे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले आहेत, आणि ती उणीव कोणताही अँटिव्हायरस भरून काढत नाही, मग एक घाला की चार.

दुसऱ्याचे मत हवेच असेल, तर सतत पहारा न देणारे, बोलावल्यावरच तपासणारे साधन वापरा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर तसा आहे. मात्र तो उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो आणि त्याची फाइल शंभर एमबीपेक्षा मोठी असते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या दिवशीचा डेटा सांभाळा. काही फुकट साधने सुरुवातीचे काही दिवस पूर्ण पहाऱ्याची चव म्हणून देतात, आणि आपल्याला नकळत पुन्हा दोन मापारी उभे राहतात. बसवताना तेवढी खूण काढून टाकावी.

आणि एवढे करूनही संगणक दुकानातच द्यावा लागला, तर देण्यापूर्वी पावतीवर ‘फॉरमॅट करण्यापूर्वी मालकाला विचारावे, डिस्कवरील माहिती पुसू नये’ असे लिहून त्याखाली दुकानदाराची सही घ्या. तो हसला तरी घ्या. बंद पडलेल्या संगणकाची डिस्क काढून, डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून बहुतेक वेळा फाइली उतरवता येतात, आणि दुकानदार तसे करायला तयार नसेल तर संगणक परत घरी आणा.