आधी मातीचा धागा आणा

ताई, तुम्ही विचारलंय एक, पण त्यात प्रश्न दोन आहेत. लग्न होऊन नाशिकहून यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात आलात. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, उलंगवाडी झाली (शेवटचा कापूस वेचून झाला), होळी गेली, आणि आता जिकडे बघावं तिकडे खाकी रंग. तर विणायला रंग शोधायचे कुठून, हा पहिला. हौसेनं आठ झगझगीत रंगांची लोकर आणून चौकोनांची चादर विणली, ती घरच्यांना लग्नाच्या मांडवासारखी वाटली आणि फोटोत तर त्याहून वाईट आली, असं का, हा दुसरा. मला दोन्हींचं उत्तर एकच दिसतं. तुमच्या पिशवीत आठ रंग आहेत, पण मातीचा एकही नाही.

गावाबाहेर, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर), एखादा पळस अजून फुललेला असेल. त्याच्याजवळ जा. लांबून तो सगळा शेंदरी दिसतो. जवळून बघितलं तर फुलाच्या बुडाशी जी वाटी असते ती जवळजवळ काळी, मखमली, किंचित हिरवट तपकिरी. फांद्या राखाडी, वाकड्यातिकड्या, पान जवळपास एकही नाही. मागे वाळलेलं गवत आणि रिकामं वावर. शेंदरी एवढा पेटून उठतो तो या काळ्या-राखाडीच्या जिवावर. तेच फूल तोडून झेंडू, गुलाबी पताका आणि पोपटी पानांच्या मधे ठेवा, त्याचं निम्मं तेज जाईल. तुमच्या चादरीत हेच झालंय. आठही रंग पुढे उभे आहेत, मागे उभं राहायला कुणी नाही.

ही माझी एकटीची समजूत नाही. पॅरिसला गोबलाँ नावाचा भिंतीवरचे विणलेले पडदे करणारा जुना सरकारी कारखाना आहे. 1824 मध्ये मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तक्रार अशी होती की काळा धागा पक्का दिसत नाही, मळका वाटतो. त्याने तपासलं तर धाग्याच्या रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की डोळ्यालाच तो काळा उतरलेला दिसत होता. रंग दिसतो कसा हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं, हा नियम त्याने 1839 मध्ये सविस्तर मांडला, आणि पुढे चित्रकारांनी तो उचलला. विणणाऱ्या बायकांना तो सांगायला मात्र कुणी आलं नाही, दुकानदार तर मुळीच येणार नाही.

आता करायचं काय ते सांगते. आठवड्यातून एक फोटो काढा. रंगीत वस्तूचा नको, जागेचा काढा. गोठ्याचं दार, वाळवण घातलेली खाट, नीळ टाकून चुना मारलेली भिंत, बाभळीखाली सोडलेली बैलबंडी, काहीही चालेल. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेघा चालू केल्या की चित्रावर नऊ घरं पडतात. मग झगझगीत रंगाने नऊपैकी किती घरं भरली ते मोजा. भर फुललेल्या पळसाच्या फोटोतसुद्धा थोडं मागे सरकून काढला असेल तर बहुधा एखादंच भरतं. मिरचीचं वाळवण असेल तर अर्थात जास्त.

फोटोतलं हेच प्रमाण सुयांवर घ्यायचं. चौकोन सगळ्या ओळी सुलट घालून विणा. या विणीत टाक्यांच्या दुप्पट ओळी घातल्या की तुकडा आपसूक चौरस येतो, म्हणजे 30 टाके असतील तर 60 ओळी. पळसाच्या चौकोनाचं माझं वाटप साधारण असं असतं: 34 ओळी वाळल्या गवताचा रंग, 14 राखाडी, 6 जवळजवळ काळा, उरलेल्या 6 शेंदरी. सहाच ओळी ऐकायला कंजुषी वाटेल. विणून बघा, वाढवाव्याशा वाटणार नाहीत.

'खाकी' म्हणून तुम्ही ज्याला एका शब्दात उडवलंत, तो फोटो बोटांनी ताणत ताणत मोठा करा, अगदी बारीक चौकटी दिसेपर्यंत. वाळलेल्या पऱ्हाटीच्या काडीत जांभळट तपकिरी सापडेल. तुरीच्या कुटारात (भुशात) सोनेरी आणि करडा, काळ्या मातीच्या भेगेत निळसर सावली. मार्च-एप्रिलमध्ये पिंपळाची आणि मोहाची नवी पालवी तांबूस असते, हिरवी नंतर होते. मेळघाट किंवा गडचिरोलीकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांना कुसुमाच्या झाडाचा फोटो मागा. त्याची कोवळी पानं इतकी लाल असतात की लांबून फुलंच वाटतात.

एक गंमत या विणीतच लपलेली आहे. पुढची बाजू समोर असताना नवा रंग जोडला तर त्या बाजूला रेघ स्वच्छ येते आणि मागच्या बाजूला दोन्ही रंगांचे ठिपके एकमेकांत शिरतात. शिकवणाऱ्या बाया ती बाजू लपवायला सांगतात. मी शेताचे चौकोन मुद्दाम ती बाजू वर ठेवून जोडते. वखरलेल्या वावरात माती आणि धसकटं अशीच मिसळलेली असतात, स्वच्छ रेघ तिथे कुठली?

धाग्याची अडचण खरी आहे. तालुक्याच्या दुकानात 'उलन' मागितली की राणी, पोपटी, लाल, आकाशी पुढे येतात. तुम्ही शाळेच्या स्वेटरचा कप्पा उघडायला सांगा. राखाडी, मरून, गडद निळा, कधी बिस्किटी, सगळे तिथे पडलेले असतात आणि बाकीच्यांपेक्षा स्वस्तही असतात. त्यातूनही हवा तो रंग नाही मिळाला तर दोन बारीक धागे एकत्र धरून विणा आणि सुई थोडी जाड घ्या. राखाडीबरोबर बिस्किटी धरला की गाडीवाटेची धूळ तयार. मरूनबरोबर राखाडी धरला की पऱ्हाटीची काडी. तुमची उरलेली पोपटीसुद्धा फेकू नका, राखाडीच्या सोबतीला घातली की ती कडुनिंबाच्या धुळकट पाल्याजवळ जाते.

रंग जुळवताना गोळा हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर या. ट्यूबलाइटखाली हुबेहूब वाटणारे दोन धागे उन्हात वेगळे निघू शकतात. दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात, आणि दिव्याचा उजेड उन्हासारखा सगळ्या रंगांनी सारखा भरलेला नसतो. मातीचा धागा घेताना चिठ्ठीवरचा लॉट नंबर (रंगाईची खेप) एकच आहे ना तेही बघा आणि जास्तीचे गोळे घ्या, कारण संपणार तोच आहे. झगझगीत रंगाचा एक गोळा वर्षभर पुरतो.

उन्हाळ्यात लोकर मांडीवर घेऊन बसवत नाही हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. 45 अंशांत सुती धागाच बरा. फक्त तो लोकरीसारखा ताणून परत जागेवर येत नाही आणि जड असतो, म्हणून एक नंबर बारीक सुई घ्या, आणि गडद लाल किंवा निळा सुती तुकडा जोडण्याआधी वेगळा धुऊन घ्या. रंग सोडतो.

आता फोटो. तुम्ही लिहिलंय की फोटो काढणं हा तुमचा वेगळा छंद, विणकामाशी संबंध नाही. गंमत बघा, जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1861 मध्ये लंडनला रंगीत छायाचित्राचं जे पहिलं प्रसिद्ध प्रात्यक्षिक दाखवलं, ते चौकटीच्या नक्षीच्या फितीचं होतं. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून तीन वेगळे फोटो काढून ते पडद्यावर एकावर एक पाडले होते. थोडक्यात, सुरुवात कापडापासूनच झाली.

फोन रंग खोटे दाखवतो त्यामागे साधं कारण आहे. समोरचं दृश्य एकूण मध्यम उजेडाचं असणार असं तो धरून चालतो. चौकटभर काळी माती घेतली की तो तिला उजळून राखाडी करतो, आणि कापसाची गंजी घेतली की तिला दाबून तीही राखाडीच करतो. आपल्या भागात ही दोन्ही दृश्यं घरोघरी, त्यामुळे आपली फसगत जास्त. पडद्यावर बोट दाबून धरा, उजेड कुलूपबंद होतो. मग मातीसाठी सूर्याची खूण खाली ओढा, कापसासाठी वर. मातीतला तांबूसपणाही फोन दिव्याचा पिवळेपणा समजून काढून टाकतो, आणि फोटो निळसर, आजारी येतो. कॅमेऱ्यात प्रो मोड (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा पिवळे-निळेपणा सावरणारा आकडा, 5200 ते 5500 केल्विनच्या आसपास ठेवून द्या आणि उन्हात तो हलवू नका.

लाल रंगाची वेगळीच तऱ्हा. नागपूर जिल्ह्यात भिवापूरकडे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची वाळवायची-निवडायची आवारं, लागतात, तिथे बाया मिरचीचे मुके (देठ) तोडत बसलेल्या असतात आणि भोवती लालच लाल पसरलेलं असतं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. असा ढीग फोनने काढला की लाल रंग फुटतो, मिरचीवरची सुरकुती दिसत नाही, नुसता लाल चिखल. सूर्याची खूण खाली ओढून उजेड चांगला कमी केला की सुरकुत्या परत येतात. तुमच्या चादरीतला राणी रंग फोटोत फुटलाय तो याचमुळे. (आणि हो, तिथे बायांचे फोटो काढायचे तर आधी विचारा. ठसक्याने डोळे गळत असताना कुणाला फोटो काढून घ्यायची हौस नसते.)

दुपारी बारा ते तीन फोटोच्या फंदात पडू नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस येतात, सूर्य अगदी डोक्यावर. त्या उजेडात सगळं पांढरट होतं, रंगही आणि आपणही. विणलेल्या तुकड्याचा फोटो ओसरीत, सकाळी, ऊन थेट न पडणाऱ्या जागी काढा.

दोन रंगांची नक्षी विणणार असाल तर दोन्ही गोळे शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर नक्षी उठणार नाही, रंग कितीही वेगळे असोत. शेंदरी आणि मध्यम हिरवा इथे हमखास दगा देतात.

वर्षाचं बाकी वेळापत्रक तुम्हाला हळूहळू कळेलच. तीनच गोष्टी आधी सांगून ठेवते, कारण त्या घड्याळ लावून येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पऱ्हाटीचं फूल उमलतं तेव्हा मलईसारखं पिवळट असतं, संध्याकाळपर्यंत गुलाबी होतं, दुसऱ्या दिवशी गडद. एकाच झाडावर तिन्ही छटा सापडतात, त्यामुळे एका सकाळी एका रोपापाशी पूर्ण चौकोनाचे रंग मिळतात. थंडीत जवस फुलतो. निळा रंग शेतात एवढ्या पसरून दुसऱ्या कुठल्या पिकात दिसत नाही, पण पाकळ्या दुपारपर्यंत गळतात, म्हणून नऊच्या आत पोचायचं. आणि तारेवर बसणारा नीलपंख. बसलेला असताना तपकिरी, मान खाली घालून, कुणी बघणारही नाही असा. उडाला की पंखात दोन प्रकारचे निळे उघडतात. मी त्याचा चौकोन करते तेव्हा 60 पैकी 50 ओळी तपकिरीच असतात, बाकीच्यांत एक गडद निळा आणि एक फिका. फोटो मात्र मला बसलेल्या नीलपंखाचाच मिळतो, निळे डोळ्यांत साठवून आणावे लागतात.

राहिली तुमची आठ रंगांची चादर. ती उसवू नका. फक्त जोड सोडवा आणि प्रत्येक चौकोनाला भोवतीने क्रोशाच्या सुईने चार ओळींचा काठ घाला, राखाडी आणि बिस्किटी एकत्र धरून. राणी आणि पोपटी शेजारी शेजारी येणार नाहीत एवढं बघून मग परत जोडा. चादर आकाराने वाढेल, तेव्हा दोन-तीन चौकोन बाजूला काढावे लागतील. मी लालच काढले असते. आधी चारच चौकोनांवर करून बघा, सकाळी ओसरीत फोटो काढा आणि इथे टाका. काठाची रुंदी कमी-जास्त करायची का, ते फोटो बघून सांगते.