मित्रांसोबत पहिल्यांदा जपानला जातोय, सात दिवसांचा रेल्वे पास घ्यावा का?

टोकियो, क्योटो, ओसाका एवढंच करणार असाल तर नका घेऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा जेआर (जपान रेल्वे) पास थेट ५०,००० येनवर गेला, आणि टोकियो ते क्योटो शिन्कान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट एका बाजूचं साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन येऊनही पैसे वसूल होत नाहीत. शहरात फिरायला प्रत्येकाने आपापलं सुइका कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या, एका कार्डावर चौघं जाता येत नाही.

ग्रुपमध्ये कोणी शाकाहारी असेल तर नीट ऐका, मिसो सूप दिसतं साधं पण त्यात बहुतेक वेळा माशाचा दाशी, म्हणजे माशापासून काढलेला रस्सा, असतो, त्यामुळे आधी विचारा.

आणि क्योटोला फुशिमी इनारी हे डोंगरावरचं मंदिर पहाटेच करा, प्लीज! ते २४ तास उघडं असतं, तिकीट नाही. आम्ही सहाला पोचलो तर तिथल्या ओळीने उभ्या शेंदरी लाकडी कमानींच्या (तोरी) बोगद्यात फक्त आमच्याच पावलांचा आवाज. चढताना खांब कोरे दिसतात, उतरताना त्यांच्या मागच्या बाजूला देणगीदारांची नावं काळ्या अक्षरात कोरलेली दिसतात, ती बघत बघत आम्ही तासभर कोणी काही बोललोच नाही. नऊनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.