सेवा केंद्रातल्या दोन लाईनी: राउटर बदलू नका, वाटणी बदला

ताई, तुमचं दुखणं मला कळलं ते असं. अंबाजोगाईत महा ई-सेवा केंद्र, पाच कॉम्प्युटर, एक मोठ्या कंपनीचं 100 एमबीपीएसचं फायबर, दुसरी गावातल्या केबलवाल्याची 50 ची लाईन, आणि दोन्ही मायक्रोटिकच्या हेक्स राउटरमध्ये. व्हिडिओ बघून पीसीसी पद्धतीनं लोड बॅलन्सिंग टाकलंय, म्हणजे राउटर प्रत्येक कनेक्शन हिशोबानं या किंवा त्या लाईनवर टाकतो. आता स्पीड टेस्टमध्ये 150 कधी दिसत नाही, अर्ज अर्धा भरला की पोर्टल परत लॉगिनवर आणून सोडतं, आणि परवा फायबर तुटलं तेव्हा काही कॉम्प्युटर ठप्प पडले ते राउटरमधून ती वायर उपसेपर्यंत तसेच.

पहिली तक्रार सोडून द्या, तो बिघाड नाही. राउटर वाटतो ती कनेक्शनं. एक फाईल उतरवायची म्हणजे एक कनेक्शन, आणि ते सुरुवातीला ज्या लाईनवर गेलं तिथंच शेवटपर्यंत राहतं. लातूरला दोन एसट्या सुटतात म्हणून एक माणूस अर्ध्या वेळात पोचत नाही. माणसं मात्र दुप्पट जातात. दोन लाईनी खरोखर जोडून एकच जाड लाईन करायची तर पलीकडच्या टोकाला सर्व्हर लागतो, जो तुकडे परत जुळवतो. त्याचा महिन्याचा खर्च वेगळा. पाच कॉम्प्युटरच्या केंद्राला ते परवडणारं नाही आणि गरजही नाही.

खरी डोकेदुखी पोर्टलची. बँकांच्या आणि सरकारी कामाच्या बऱ्याच साईट तुमचं लॉगिन तुमच्या बाहेरच्या आयपीशी, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्याशी, बांधून ठेवतात. पहिलं पान फायबरवरून उघडलं, कागदपत्रं चढवताना नवं कनेक्शन केबलवरून गेलं, की साईटला वाटतं हा दुसराच कोणी आहे, आणि ती बाहेर काढते. पण राउटरला हात लावण्याआधी एक करा: केबलवाल्याची वायर काढून ठेवा आणि अर्धा दिवस फक्त फायबरवर काम करा. नंतर उलटं. एकट्या लाईनवरही पोर्टल बाहेर फेकत असेल तर दोष वाटणीचा नाही. कंपनी तुम्हाला स्वतंत्र आयपी देत नसेल, शेकडो ग्राहक थोड्या आयपींच्या मागे बसवत असेल, तर एका लाईनवरही बाहेरचा आयपी मधेच बदलू शकतो. मोडेमच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या पट्ट्यात दिसला तर समजायचं की हाच प्रकार आहे. त्यावर उपाय म्हणजे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागून घेणं. राउटरमध्ये कितीही खुडबुड केली तरी ते सुटत नाही.

एकेकट्या लाईनवर सगळं नीट चाललं, तर मात्र राउटरच्या मेनूत आयपी, फायरवॉल, मँगल (पॅकेटांवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यांवर, खुणा करायची जागा) उघडा आणि पीसीसीच्या नियमात कोणता पर्याय आहे ते बघा. व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा 'बोथ अ‍ॅड्रेसेस अँड पोर्ट्स' सांगतात, कारण त्यात स्पीड टेस्टचा आकडा छान येतो. तुमच्या कामाला तोच पर्याय मारक आहे. पोर्ट, म्हणजे कनेक्शनचा नंबर, दर कनेक्शनला बदलतो, म्हणजे एकाच साईटची दोन कनेक्शनं दोन लाईनींवर जाणार. 'बोथ अ‍ॅड्रेसेस' केलं तर एक कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर ही जोडी एकाच लाईनवर राहते. सुधारणा होते, पण पोर्टलचं लॉगिन एका सर्व्हरवर, कागदपत्रं दुसऱ्यावर आणि पेमेंट तिसऱ्यावर असेल तर तिथं परत तेच. 'सोर्स अ‍ॅड्रेस' ठेवलं की एक कॉम्प्युटर कायम एकाच लाईनवर.

आता माझं मत. पाच कॉम्प्युटरसाठी पीसीसीच नको. ते गणितानं वाटणी करतं, मोजून नाही. शंभर जणांत वाटणी ठीक येते. पाचात चार एका लाईनवर आणि एक दुसरीवर असंही होऊ शकतं, आणि ते चार नेमके केबलच्या 50 वर असू शकतात. त्यापेक्षा डीएचसीपीत (राउटर जिथून पत्ते वाटतो) प्रत्येक कॉम्प्युटरचा आयपी पक्का करा, दोन अ‍ॅड्रेस लिस्ट बनवा आणि मँगलमध्ये लिस्टप्रमाणे रूटिंग मार्क, म्हणजे कोणत्या लाईनवर जायचं ती खूण, लावा. अर्ज, अंगठा लावून पैसे काढायचं काम, बँकेचं काम ज्या तीन कॉम्प्युटरवर होतं ते फायबरवर. झेरॉक्स-प्रिंटचा कॉम्प्युटर, उरलेला एक, आणि जे मोबाईल वायफाय वापरतात ते केबलवर. जुलैत पीक विम्याला शेतकऱ्यांची रांग लागते तेव्हा तुम्हाला कळलं पाहिजे की कोणता कॉम्प्युटर कुठल्या लाईनवर आहे.

कुठलीही पद्धत ठेवा, दोन गोष्टी बघाच. एक, फायरवॉलच्या फिल्टरमध्ये मायक्रोटिकचा आधीपासून असलेला 'फास्टट्रॅक कनेक्शन'चा नियम. तो चालू असला की कनेक्शन सुरू झाल्यावर पुढची पॅकेटं मँगलला वळसा घालून जातात, त्यांना मार्क लागतच नाही, आणि ती मुख्य टेबलातल्या (वाटांच्या मूळ यादीतल्या) लाईनवर जातात. पान अर्धं उघडून गोल गोल फिरत राहतं ते यामुळेही. तो नियम बंद करा. प्रोसेसरवर ताण थोडा वाढेल, पण तुमच्या दोन्ही लाईनी मिळून हेक्सला सहज झेपतात. दोन, राउटरओएस (मायक्रोटिकची प्रणाली) सातवं असेल आणि व्हिडिओ सहाव्याचा, तर रूटिंग, टेबल्समध्ये आधी टेबल बनवून त्याला 'फिब'ची खूण करावी लागते. सहाव्यात ही पायरीच नव्हती, म्हणून जुन्या व्हिडिओत दिसत नाही.

आणि हो, दोन्ही मोडेमचा आतला पत्ता 192.168.1.1 तर नाही ना? कंपनीचा आणि केबलवाल्याचा मोडेम दोन्ही त्याच पत्त्यावर आलेले मी बरेचदा बघतो. राउटरला दोन दारं आणि दोन्हींवर एकच घर नंबर, मग मार्क बरोबर असूनही पॅकेट चुकतं. एकाचा पत्ता 192.168.2.1 करून टाका.

आता फायबर तुटल्यावर कॉम्प्युटर का अडकले ते. तुम्ही लिहिलंय की वायर उपसल्यावर सगळे चालले, आणि तुमच्या सगळ्या वर्णनात सर्वात कामाचं वाक्य तेच आहे. म्हणजे दुसऱ्या लाईनवर जायची वाट राउटरला माहीत आहे. पहिली लाईन मेलीय हेच त्याला कळत नव्हतं. कारण राउटरची वायर जाते मोडेमपर्यंत. जेसीबीनं फायबर तोडलं, मोडेमवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला, तरी मोडेम इन्व्हर्टरवर जिवंत आहे आणि 192.168.1.1 पिंगला उत्तर देतोय. 'चेक गेटवे'ला पिंग ठेवलं तरी राउटर दर 10 सेकंदांनी त्या मोडेमलाच विचारतो, बाबा आहेस का, आणि मोडेम म्हणतो आहे. भारनियमनात केबलवाल्याच्या चौकातल्या पेटीची बॅटरी संपते तेव्हाही हेच होतं. तुमच्याकडं सगळे दिवे लागलेले, पुढं अंधार.

म्हणून तपासणी मोडेमच्या पलीकडची पाहिजे. मायक्रोटिकमध्ये याला रिकर्सिव्ह रूट म्हणतात. 8.8.8.8 (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) साठी वेगळा रूट, म्हणजे वाट, बनवा, गेटवे फायबरच्या मोडेमचा, स्कोप 10. मग फायबरचा डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठीची वाट) लिहिताना गेटवेच्या जागी मोडेम नाही, 8.8.8.8 लिहा, टार्गेट स्कोप 11 आणि चेक गेटवे पिंग. केबलसाठी तसंच, पण 9.9.9.9 हा तसाच दुसरा सर्व्हर घेऊन. आता पिंग खरोखर बाहेर जाऊन येतो. लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही की राउटर तो रूट बाजूला करतो. दोन्ही टेबलांमध्ये दुसऱ्या लाईनचा रूट डिस्टन्स 2 नं (दुसऱ्या पसंतीचा) ठेवायला विसरू नका, नाहीतर फायबरवाल्या तीन कॉम्प्युटरना जायला जागाच नसेल. मोडेम डीएचसीपीनं पत्ता देत असेल तर 'अ‍ॅड डिफॉल्ट रूट' बंद करा. तो आपोआप आलेला रूट तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी टाकतो.

यात एक खोच आहे. 8.8.8.8 आता फायबरला बांधलेला आहे, फायबर गेलं की तोही गेला. तुमच्या कॉम्प्युटरना डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून तोच दिला असेल तर लाईन बदलूनही साईट उघडायच्या बंद होऊ शकतात, आणि तुम्ही म्हणाल फेलओव्हर (आपोआप लाईन बदलणं) चालत नाही. डीएनएसला 1.1.1.1 सारखा वेगळा पत्ता द्या. कंपनीनं दिलेला डीएनएसही नको. बरेच असे सर्व्हर फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात, केबलवरून विचारलं तर गप्प बसतात.

लाईन बदलली तरी त्या क्षणी उघडे असलेले अर्ज वाचणार नाहीत, हे धरून चाला. बाहेरचा आयपी बदलला की जुनं कनेक्शन मेलं. राउटर मात्र जुन्या नोंदी धरून बसतो. मायक्रोटिकमध्ये चालू टीसीपी कनेक्शनची मुदत मुळातच एक दिवसाची असते. फायरवॉल, कनेक्शन्समध्ये जाऊन त्या पुसल्या की अडकलेले प्रोग्राम लवकर सुटतात. पैशांचा व्यवहार मधे अडकला असेल तर पोरांना सांगून ठेवा, दुसऱ्यांदा बटण दाबायच्या आधी त्या व्यवहाराची स्थिती बघायची. दोनदा पैसे कापले गेले की गिऱ्हाईकाला राउटर समजावून सांगता येत नाही.

एवढं झाल्यावर चाचणी वायर उपसून घेऊ नका, ती तर तुमची आत्ताही पास होते. मोडेमच्या मागचं फायबरचं हिरवं किंवा निळं टोक हळूच काढा, मोडेम चालू राहू द्या, आणि अर्धा मिनिट थांबा. टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर धरू नका, आणि परत लावताना टक आवाज येईपर्यंत बसवा.

शेवटी दोन्ही वायरी तुमच्या गल्लीत कुठून येतात ते एकदा बाहेर उभं राहून बघा. एकाच खांबावरून येत असतील तर एक ट्रॉली दोन्ही घेऊन जाईल. तसं असेल तर केबलची लाईन नूतनीकरणाला आली की तिच्याऐवजी सिमकार्डवर चालणारी टॉवरची लाईन घ्यायचा विचार करा. स्पीड कमी-जास्त होईल, पण ती रस्त्याच्या खोदकामात तरी तुटत नाही.

हे करूनही अडलं तर टर्मिनलमधून एक्सपोर्ट (राउटरच्या सेटिंगची यादी) काढून इथं टाका, आणि सोबत एलओएस लाल असताना रूट लिस्टचा फोटो. टाकण्याआधी वायफायचा आणि पीपीपीओईचा (लाईनच्या लॉगिनचा) पासवर्ड पुसा. सहाव्या आवृत्तीत ते एक्सपोर्टमध्ये उघडे दिसतात.