बी. बी. किंग यांचा कंप बोटात येईना

प्रश्न : अमेरिकेतल्या ब्लूज या गानशैलीचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्यासारखा कंप (व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर) काढायला जातो, तर सूर शेळी ओरडल्यासारखा येतो आणि गिटारही उतरते. गिटार साधी अकूस्टिक आहे. चूक कुठे होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चूक बहुधा अंगठ्याची आहे. मिसिसिपीत १९२५ साली जन्मलेले किंग १९४६मध्ये मेम्फिसला आईकडच्या नात्यातल्या ब्लूज गिटारवादक बुक्का व्हाइट यांच्याकडे राहायला गेले. व्हाइट बोटात नळी घालून ती तारांवरून घसरवत. किंग यांना नळी कधीच जमली नाही. तोच आवाज नुसत्या बोटाने काढायच्या खटपटीतून हा कंप आला.

दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटशी (धातूच्या आडव्या पट्टीशी) तर्जनी ठेवा. अंगठा नेकपासून (गिटारच्या दांडीपासून) सोडवा. बोटाने तार ढकलू नका; कुलपात किल्ली फिरवावी तसा मनगटापासून हात फिरवा. तारेवर फक्त तर्जनीचे टोक घट्ट, बाकीची बोटे मोकळी फडफडू द्या. अंगठा आवळलेला राहिला की हात फिरत नाही, सगळा जोर बोटावर येतो आणि तीच शेळी ओरडते. तार ताणली की सूर फक्त चढतो, त्यामुळे प्रत्येक हेलकावा मूळ सुरावर परतायलाच हवा. घाईत तो अर्ध्यातून वळतो आणि सूर सतत चढा लागतो. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून ठोक्याला दोन हेलकावे, ते सारखे आले की तीन, मग चार. आधी सूर सरळ लागू द्या, कंप मागून. आपल्या रागसंगीतातल्या आंदोलनाची (सुराच्या संथ झुलण्याची) सवय असलेल्या कानाला हे लवकर कळते.

अकूस्टिकवर सहसा ०१२चा संच (पहिली तार ०.०१२ इंच जाड) असतो. त्यातली तिसरी तार वरून बारीक तार गुंडाळलेली, हलता हलत नाही. ०१०चा संच लावा. किंगही पहिली तार ०१०चीच वापरत. तरीही गिटार उतरत असेल तर नटच्या (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत असणार. खाचेत मऊ पेन्सिलचे शिसे घासा आणि खुंटी पिळताना खालून वर सुरात या.

प्रश्न : बी. बी. किंग गाताना गिटार का वाजवत नसत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही एकदम जमत नाही, असे ते स्वतःच सांगत, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरायचे काम बँडकडे असे. बारा मात्राखंडांच्या (बारच्या) ब्लूजमध्ये एका ओळीला चार खंड मिळतात. साधारण दोन गाण्याचे, उरलेले दोन गिटारच्या उत्तराचे. सराव करताना ते दोन खंड भरायची घाई नको; तीन सूर पुरतात.