घरच्या लेथवर केलेला पिस्टन थंड असताना हवा सोडतो आणि तापल्यावर अडकतो, असे का होते?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. आपण २० मिमी बोअरचे (म्हणजे आतल्या व्यासाचे), एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे छोटे पेट्रोल इंजिन बनवत आहात. बिडाचा लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची नळी, आधी बाहेरून २६ मिमीपर्यंत उतरवून, मग थ्री-जॉ चकमध्ये, म्हणजे लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, पकडून आतून बोअर केला आहे. ॲल्युमिनियमचा पिस्टन ड्रॉइंगमधल्या मापाने त्याआधीच तयार होता आणि त्याला रिंगा नाहीत. इनसाइड मायक्रोमीटरने मोजल्यास बोअर सर्वत्र २०.०२ मिमी भरतो, तरीही थंड असताना कॉम्प्रेशन मिळत नाही, आणि ड्रिल मशीनने फिरवून इंजिन रुळवायला घेतले की थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो.

या दोन्ही तक्रारी परस्परविरोधी वाटल्या तरी मला त्यांचे मूळ एकच दिसते : लायनर गोल नाही. तीन मिमी जाडीची नळी तीन जबड्यांत आवळली की ती तीन ठिकाणी आत दबते. त्या दबलेल्या अवस्थेत टूल आतून अगदी गोल भोक पाडते, पण चक सैल करताच नळी मूळ आकारावर येते आणि भोकाला मात्र तीन फुगवटे पडतात. अशा आकारात एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूची दबलेली जागा येत असल्यामुळे, समोरासमोरच्या दोन बिंदूंतले अंतर मोजणाऱ्या मायक्रोमीटरला सगळीकडे जवळपास सारखेच माप मिळते. म्हणून आपल्या मोजमापावर विसंबू नका. एखादा गोल आणि गुळगुळीत प्लग तयार करा, त्यावर खुणेसाठी वापरतात त्या निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावा आणि तो बोअरमध्ये फिरवून पाहा. रंग तीनच पट्ट्यांत उमटला, तर निदान पक्के झाले असे समजावे.

तापल्यावर अडकण्यात धातूचाही वाटा आहे. एक मीटर लांबीमागे तापमानाच्या प्रत्येक अंशाला ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, तर बीड सुमारे ११. म्हणजे १०० अंश तापमानवाढीला २० मिमीचा पिस्टन ४६ मायक्रॉनने वाढतो आणि लायनर केवळ २२ ने. शिवाय प्रत्यक्षात पिस्टन लायनरपेक्षा जास्तच तापतो. त्यामुळे बिडाच्या लायनरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन हवा असेल तर त्याला मोकळीक जास्त द्यावी लागते आणि गळती रोखण्याचे काम रिंगांवर सोपवावे लागते. मॉडेल विमानांच्या काही इंजिनांत ॲल्युमिनियमचा पिस्टन रिंगांशिवाय चालतो हे खरे, पण तिथे स्लीव्ह, म्हणजे लायनर, पितळेची, आतून क्रोम चढवलेली आणि वरच्या टोकाकडे किंचित निमुळती असते. पितळेचे प्रसरण ॲल्युमिनियमच्या बरेच जवळ असल्यामुळे ते जमते. घरच्या कामात या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. पहिल्याच इंजिनासाठी पिस्टनही बिडाचाच करावा. तो जड होतो, परंतु सावकाश चालणाऱ्या इंजिनाला ते वजन फारसे जाणवत नाही, आणि बिडातील ग्रॅफाइटमुळे बिडावर बीड चांगले चालते.

आता लायनर नव्याने करताना क्रम उलटा ठेवा : आधी आतले काम पूर्ण करायचे आणि बाहेरचे शेवटी. सुमारे ४० मिमी व्यासाचा एफजी २६० प्रतीच्या बिडाचा गज घ्या. ओतीव तुकडा मिळाला, तर पहिला कट वरच्या कडक आणि वाळूमिश्रित सालीच्या खालून जाईल एवढा खोल घ्या, नाहीतर टूलची धार पहिल्याच फेरीत जाते. एवढ्या जाड भिंतीवर जबड्यांचा दाब जवळजवळ परिणाम करत नाही. १८ मिमीचे ड्रिल मारल्यावर भोकात मावेल तेवढा जाड आणि कमीत कमी बाहेर काढलेला बोअरिंग बार वापरा, आणि शेवटी डायल न हलवता त्याच मापावर टूल आणखी एकदोनदा फिरवून घ्या, कारण बार लवल्यामुळे राहिलेले मटेरियल त्या फेऱ्यांत निघते. बीड कोरडेच कापावे आणि त्याची भुकटी लेथच्या बेडवर साचू देऊ नये. बोअर निमुळता येत असेल तर टेलस्टॉकशी, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराशी, खेळत बसू नका. या कामात त्याचा संबंधच नाही, हेडस्टॉक, म्हणजे चक फिरवणारा भाग, बेडशी सरळ रेषेत आहे का ते तपासा.

लॅपिंगसाठी, म्हणजे लॅप नावाच्या साधनाला घासणारी पावडर लावून बोअर अखेरच्या मापाला आणण्यासाठी, दोन-तीन शतांश मिलिमीटर मटेरियल शिल्लक ठेवा. लॅप बिडापेक्षा मऊ धातूचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, उभी चीर पाडलेला आणि निमुळत्या स्क्रूने फुगवता येणारा असावा, म्हणजे पावडरचे कण लॅपमध्ये रुततात आणि सिलिंडर घासला जातो. नेमक्या याच कारणासाठी पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांत पावडर लावून कधीही घासू नयेत. लेथ अगदी सावकाश फिरवा, बेड वर्तमानपत्राने झाका, सिलिंडर उघड्या हातात सैलसर धरून सतत मागेपुढे सरकवा आणि मधूनमधून त्याची टोके उलटी करा. चिंधी गुंडाळून धरण्याचा मोह टाळावा, कारण ती लॅपभोवती गुंतली तर बोटेही ओढली जातील. लॅप कुठे घट्ट जातो आणि कुठे सैल, हे काही वेळाने हाताला मायक्रोमीटरपेक्षा चांगले समजू लागते. तोंडाशी भोक थोडे पसरतेच, म्हणून लायनर सुरुवातीला लांब ठेवून दोन्ही टोके नंतर कापावीत. मग सिलिंडर रॉकेलने आणि त्यानंतर साबणाच्या गरम पाण्याने, आत फिरवलेले पांढरे फडके स्वच्छ बाहेर येईपर्यंत धुवावा, लगेच तेल लावावे, किंचित निमुळत्या मँड्रेलवर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर, चढवावा आणि लेथच्या दोन टोकदार सेंटरमध्ये धरून बाहेरून २६ मिमीपर्यंत उतरवावा.

बोअर २०.०० आला की २०.०३, याने काहीही बिघडत नाही. ड्रॉइंगमधला आकडा मार्गदर्शनापुरता असतो. पिस्टनचे खरे माप म्हणजे तयार झालेला बोअर. म्हणूनच पिस्टन नेहमी नंतर करावा. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचे भोक आधी पाडून घ्या, पिस्टन गजापासून कापून वेगळा न करता बाहेरून एक शतांश मिलिमीटर जास्त ठेवा आणि बाहेरून बसणाऱ्या कडीसारख्या लॅपने उतरवत प्रत्येक वेळी लेथ बंद करून, पिस्टन नीट पुसून, लायनर त्यावर चढवून पाहा. घाई मात्र नको : लॅपिंगने ३० अंश तापलेला २० मिमीचा बिडाचा पिस्टन सहा-सात मायक्रॉनने मोठा भरतो, आणि आपल्याला हवी असलेली मोकळीक साधारण तेवढीच आहे.

जोडी जमली का हे पाहण्यासाठी गेज लागत नाही. पिस्टनला पातळ तेल लावून तो उभ्या धरलेल्या लायनरमध्ये सोडा. खालचे तोंड उघडे असताना तो स्वतःच्या वजनाने सरकत खाली आला पाहिजे, आणि तेच तोंड तळव्याने बंद केल्यावर मध्येच हवेवर थबकून अगदी सावकाश उतरला पाहिजे. जुना ॲल्युमिनियमचा पिस्टन टाकून देऊ नका, त्याला उभी चीर पाडली की लायनरसाठीचा लॅप तयार होतो.