वहाळांची नावं कशी नोंदवावीत?

प्रश्न : गोराई-मनोरी पट्ट्यातल्या आमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) वहाळ म्हणजे ओढे, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी, खाजणं म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनी, क्रूस, शेतं यांची जुनी नावं आम्ही लिहून ठेवणार आहोत. सुरुवात नकाशापासून करावी की माणसांपासून? एकाच वहाळाला दोन नावं मिळाली तर कोणतं धरावं?

उत्तर : माणसांपासून करा. नकाशा पुढे धरला की लोक छापील नावालाच होकार देतात. जागेवर उभं राहून "हिथं काय म्हणता?" एवढंच विचारा, "याला अमुक म्हणतात ना?" असं कधीच नको. पावसाळा सरता सरता जा, तेव्हा वहाळात पाणी असतं. खाडीला मिळणाऱ्या वहाळाचं मुख मात्र ओहोटीला पाहा. भरतीत खाजण आणि वहाळ एकच दिसतात आणि खूण भलत्या जागी पडते.

दर नावाला वहीचं वेगळं पान द्या : ऐकू आलेला उच्चार, सांगणाऱ्याचं वय, गाव, काम, तारीख, आणि नाव कुठून कुठवर लागू आहे ते. 'ळ'चा 'ल' किंवा 'ण'चा 'न' ऐकू आला तर तसाच लिहा. प्रमाण रूप शेजारी. परवानगी घेऊन आवाजही टिपा.

सर्वांत जास्त घोळ विभक्तीमुळे होतो. "टेंभ्यात गेलतो" यावरून मूळ नाव 'टेंभा' की 'टेंभं' ते कळत नाही, कारण दोन्हींचं सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधीचं रूप, एकच. म्हणून "टेंभा दिसतो की टेंभं दिसतं?" असं विचारून नाव क्रियापदासह वदवून घ्या. घरी बसून अंदाजाने दुरुस्त केलेलं नाव पुढे सगळीकडे तसंच पसरतं.

मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे पाच अंकांपर्यंत घ्या. पाचवा अंक साधारण एका मीटरचा. दाट झाडाखाली चूक दहा मीटरच्याही वर जाते, म्हणून थोडं मोकळ्यावर येऊन मिनिटभर थांबा. वहाळाला एक खूण पुरत नाही. उगम, संगम, साकव, मुख, प्रत्येक ठिकाणी नाव पुन्हा विचारा. मधेच ते बदललेलं असतं.

दोन नावं मिळाली तर दोन्ही ठेवा. शेतकरी वरून बघतो, कोळी पाण्यावरून. दोघांची नावं खरी. बहुमत घेऊ नका, कोण कोणतं म्हणतं ते लिहा.

मग कागद. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. बरेचदा कोरा, पण जुने हस्तलिखित उतारे जरूर चाळा. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मागा. जुन्या इंग्रजी नकाशांच्या रोमन लिपीत ट-त, ड-द, ळ-ल यांत फरक राहत नाही, त्यामुळे त्यावरून तोंडचं नाव सुधारू नका.

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, नावं चढवताना वहाळाची रेषा उगमाकडून मुखाकडे ओढा. तिथे रेषेची दिशा हीच प्रवाहाची दिशा धरतात. सांगणाऱ्यांची नावं वहीतच राहू द्या. देवस्थानाची किंवा पुरण्याची जागा असेल तर ती जाहीर करण्याआधी त्या पाड्याला विचारा, आणि नाही म्हणाले तर नाहीच.