श्रावण पाळतात, मग बेवडे कसे?

प्रश्न: ताई, आमचे मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, वय 41. लग्न झालं तेव्हा फक्त शनिवारी दारूची नाइन्टी घ्यायचे, आता रोज क्वार्टर लागते. पण भांडण नाही, शिवीगाळ नाही, पगार सगळा घरात देतात, शिफ्ट चुकवत नाहीत. मागच्या वर्षी अख्खा श्रावण पाळला. यंदा गटारीला भरपूर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून बंद केली, तर दोन-तीन दिवस नुसता घाम, थरथर, रात्रभर जागे, आम्हाला वाटलं ताप येतोय म्हणून तापाच्या गोळ्या दिल्या. नारळी पौर्णिमेला भाऊजी घेऊन आले आणि मोडलं. सासूबाई म्हणतात श्रावण पाळतो तो बेवडा कसा? हल्ली सकाळचा चहा बशीत ओतत नाहीत, सांडतो म्हणून स्टीलच्या ग्लासात घेतात. मी उगाच टेन्शन घेतेय का?
(पिंपरीहून एक वाचक)

उत्तर: उगाच नाही हो. तुमच्या पत्रात मला क्वार्टरपेक्षा तो स्टीलचा ग्लास जास्त खटकला. रात्री घेतलेली दारू सकाळपर्यंत उतरते आणि शरीर पुढचा डोस मागायला लागतं, हात थरथरतात ते त्यामुळे. बशी बंद झाली म्हणजे त्यांनाही ते कळलंय, फक्त बोलत नाहीयेत.

आपल्याकडे बेवडा म्हटलं की गटारात पडलेला, बायकोला मारणारा, भांडी विकणारा माणूस डोळ्यासमोर येतो, त्यामुळे जो वेळेवर पंचिंग करतो आणि पगार घरी देतो तो आपोआप यादीतून सुटतो. पण शरीराला तुमच्या पगाराच्या स्लिपशी काय देणंघेणं? क्वार्टर म्हणजे 180 मिली, व्हिस्की-रम 42.8 टक्क्यांची धरली तर साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं, आणि ते रोज.

आधी नाइन्टीत काम व्हायचं, आता क्वार्टर लागते, याचा पुरुषमंडळींना उलट अभिमान असतो, 'मला चढत नाही' वगैरे. चढत नाही कारण मेंदूने जुळवून घेतलंय. दारू ब्रेकसारखी, मेंदूला थंड करते. रोज ब्रेक लागतोय म्हटल्यावर मेंदू तेवढाच अ‍ॅक्सिलेटर पिळून ठेवतो. मग गटारीच्या दुसऱ्या दिवशी ब्रेक एकदम सोडला की गाडी सुसाट, म्हणजे घाम, धडधड, थरथर, झोप नाही. तुम्ही ज्याला ताप समजलात ते हे. आणि एवढ्यावर निभावलं ते नशीब, कारण काही जणांना पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून पुढच्या वेळी श्रावण असो की मुलांची शपथ, घरच्या घरी एकदम सोडायची नाही, आधी डॉक्टर. थोड्या दिवसांची औषधं आणि बी-वन व्हिटॅमिन देऊन ते हा काळ सुखरूप पार पाडून देतात.

आता सासूबाईंचा मुद्दा. श्रावण पाळला हे खरंय, पण तो कसा पाळला ते बघा ना. आदल्या दिवशी महिन्याचा कोटा भरून घेतला, मधे तारखा मोजल्या, चिडचिड केली, आणि यंदा तर अर्ध्यातच मोडला. ज्याला खरंच गरज नसते त्याला श्रावण कधी लागला आणि कधी संपला कळतही नाही. किती पितो हे मोजत बसण्यापेक्षा न पिता दिवस कसा जातो ते बघावं, मला तरी हेच माप बरं वाटतं.

डॉक्टर लोक जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा खुणा बघत आलेत. जोराची तलप, सुरू केल्यावर हात आवरता न येणं, बंद केल्यावर त्रास, पूर्वीपेक्षा जास्त लागणं, बाकीच्या आवडीनिवडी मागे पडणं, आणि नुकसान दिसत असून चालू ठेवणं. वर्षभरात यातल्या तीन एकत्र दिसल्या तर त्याला अवलंबित्व म्हणतात. पत्रावरून निदान करणं बरोबर नाही, पण तुमच्या पत्रात दोन तर मला स्वच्छ दिसतायत, बाकीच्या तुम्हीच आठवून बघा (ते पूर्वी रविवारी क्रिकेट खेळायला जायचे का? आता जातात का?).

बोलायचं तर संध्याकाळी नाही, पिल्यावर तर अजिबात नाही. सुट्टीच्या सकाळी, सासूबाई देवळात गेल्या की. 'तुम्ही बेवडे झालात' म्हणू नका, त्यावर फक्त भांडण होईल. 'बशी का बंद केलीत, मला काळजी वाटते' एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तुमच्या पुण्यातच आहे, 1986 पासून, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं, डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं. मिस्टर लगेच तयार होणार नाहीत, तर तुम्ही एकट्या जाऊन बोलून या. देशभराच्या 2019 च्या सरकारी सर्व्हेत दिसलं होतं की दारूवर अवलंबून असलेल्या 38 लोकांत एकालाच काहीतरी उपचार मिळालेत, म्हणजे न जाणारेच जास्त.

प्रश्न: वय 24, आयटीत आहे, नाशिक. फक्त वीकेंडला बियर आणि मित्रांबरोबर गांजा. गांजा नॅचरल आहे ना, मग अ‍ॅडिक्शन कसं होईल?

उत्तर: धोतरापण नॅचरलच आहे, मित्रा. सवय लागलेल्यांनी गांजा सोडला की झोप उडते, भूक जाते, चिडचिड होते, हे होतंच. घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर तुझ्यासाठी रिस्क बरीच जास्त आहे, लांबच राहा. आणि 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात तो गुन्हा आहे, त्यात नोकरी जाईल ते वेगळंच.

वीकेंडपुरतंच आहे का, हे स्वतःला चार प्रश्न विचारून बघ. कमी करायला हवं असं वाटलंय का? कोणी टोकलं की राग येतो का? नंतर गिल्टी वाटतं का? सकाळी उठल्याउठल्या घ्यावीशी वाटते का? मुळात हे दारूसाठीचे प्रश्न आहेत. दोनांना हो आलं तर डॉक्टरशी बोल. आणि तुझा वीकेंड हल्ली गुरुवारी सुरू होत नाही ना, तेही बघ.

प्रश्न: मुलगा 33 वर्षांचा, पितो. पेपरात जाहिरात आहे, न सांगता जेवणात मिसळायची पावडर, दारू आपोआप सुटते. देऊ का? आणि मी स्वतः मिश्री लावते, सून म्हणते तेही व्यसनच. खरं का?
(संगमनेरहून एक आई)

उत्तर: काकू, ती पावडर अजिबात देऊ नका. त्यात काय घातलंय कोणालाच माहीत नसतं. दारू सोडवायचं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, त्याच्यावर दारू प्यायली की तोंड लाल होतं, धडधडतं, उलट्या होतात, बीपी खाली जातं. म्हणून डॉक्टर ते माणसाला सगळं समजावून, त्याची तयारी असेल तरच देतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. गुपचूप आमटीत घातलं आणि तो बाहेर पिऊन आला तर?

त्यापेक्षा त्याची दुकानातली उधारी भागवणं थांबवा, आणि कामावर फोन करून 'पोट बिघडलंय' सांगणंही. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत, तुम्ही आई म्हणूनही विचारू शकता.

आणि मिश्री. सून बरोबर बोलतेय. तंबाखूच आहे ती, भाजलेली. खात्री करायची असेल तर उद्या सकाळी लावू नका, आणि दहा वाजेपर्यंत डोकं दुखलं का, पोट साफ झालं का, आणि सुनेवर किती वेळा खेकसलात, ते मला कळवा.